तारेवरचा आवाज



आज तुम्हाला जरा वेगळ्या सफरीला नेते. ओहायोत ॲक्रन नावाचं गाव आहे. क्लीव्हलंडहून दक्षिणेकडे इंटरस्टेट 77 धरली की पाऊण तासात येतं. एकेकाळी हे टायरचं गाव होतं. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच सगळे इथलेच. आता त्या गिरण्यांची, म्हणजे टायरच्या कारखान्यांची, जुनी धुराडी बघायला मिळतात. तुमच्यापैकी कित्येक जण शिकागोहून न्यू जर्सीला गाडीने जाताना या गावाच्या जवळून गेला असाल आणि उतरला नसाल. मीही वीस वर्षांत कधी उतरले नव्हते. एका शुक्रवारी क्लायंटचं काम दुपारीच उरकलं, विमान रात्रीचं होतं, म्हणून वेळ काढायला म्हणून शिरले. ज्या इमारतीत शिरले ती ॲक्रन विद्यापीठाची होती आणि तिच्यात मानसशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय होतं.

मानसशास्त्राचं संग्रहालय म्हणजे काय ठेवणार, असा प्रश्न तुमच्यासारखाच मलाही पडला होता. मन काही काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. पण आत गेल्यावर एका राखाडी पेटीसमोर पाय थबकले. साधारण जुन्या रेडिओच्या दुकानात दिसेल अशी लांबट पेटी, समोर ओळीने तीस खटके. पहिल्यावर 15 व्होल्ट, शेवटच्यावर 450. मध्ये मध्ये इशारे लिहिलेले, आणि शेवटी तर शब्दही संपलेले, नुसत्या फुल्या. ही स्टॅनली मिलग्रॅमची पेटी. 1961 साली येल विद्यापीठात त्याने जाहिरात देऊन साधी माणसं बोलावली, चार डॉलर दिले आणि सांगितलं की शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की खटका ओढायचा, दर वेळी पुढचा. शेजारचा माणूस नाटक करत होता, त्याला शॉक बसत नव्हता. पण खटके ओढणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. पांढरा नाही, राखाडी कोट घातलेला एक माणूस मागे उभा राहून शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ म्हणत होता, आणि चाळीसपैकी सव्वीस जणांनी शेवटचा खटकासुद्धा ओढला.

मी ही गोष्ट एमबीएच्या वर्गात शिकले होते, ‘ऑर्गनायझेशनल बिहेविअर’च्या पेपरला सहा मार्कांची टीप म्हणून. पेटी खरी आहे, ती कुठेतरी आहे, तिच्या कडा झिजल्या आहेत, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

या संग्रहाची सुरुवात 1965 सालची. जॉन पॉपलस्टोन आणि मॅरियन व्हाइट मॅकफर्सन या दोन मानसशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की आपल्या विषयाची पहिली पिढी म्हातारी होत चालली आहे, प्राध्यापक वारले की घरचे लोक त्यांचे कागद आणि यंत्रं कचऱ्यात टाकतात, आणि हे सांभाळणारं कोणी नाही. त्यांनी ‘तुमच्याकडचं आम्हाला द्या’ म्हणून मागायला सुरुवात केली. आता त्याला कमिंग्ज सेंटर म्हणतात, आणि लोकांसाठीचं नवं संग्रहालय 2018 मध्ये उघडलं. बाहुलीला मारणाऱ्या मुलांच्या प्रयोगातली अल्बर्ट बंडुरा यांची ती फुगवायची बाहुलीही इथेच आहे. यातला बराच ऐवज आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतो. पण मला आज तुम्हाला सांगायचं आहे ते दोनच गोष्टींबद्दल. त्या दोन्हींशी आपला, म्हणजे दुसऱ्या देशात येऊन राहिलेल्या माणसांचा, फार जवळचा संबंध आहे.

पहिली गोष्ट एका माणसाच्या कागदपत्रांची. हेन्री गॉडार्ड. न्यू जर्सीत व्हाइनलँडला मंदबुद्धी मुलांसाठी एक शाळा होती, तिथे 1906 पासून तो संशोधन करत होता. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली मुलांसाठी एक चाचणी तयार केली होती. बिने यांचा हेतू अगदी साधा: शाळेत मागे पडणारी मुलं ओळखायची, म्हणजे त्यांना जास्तीची मदत देता येईल. गॉडार्डने 1908 मध्ये ती इंग्रजीत आणली. आणि त्याच्या हातात तिचा अर्थच बदलला. मदत कोणाला हवी हे शोधण्याऐवजी कमी प्रतीचा कोण आहे हे शोधण्याचं ते साधन झालं. इंग्रजीतला ‘मोरॉन’ हा शब्द त्यानेच घडवला. आज आपली मुलं तो शब्द सहज एकमेकांना चिकटवतात. तो एका प्रयोगशाळेतून आला आहे.

1912 साली त्याने ‘द कॅलिकॅक फॅमिली’ नावाचं पुस्तक लिहिलं. व्हाइनलँडच्या शाळेतल्या एका मुलीला त्याने ‘डेबोरा’ असं खोटं नाव दिलं, तिच्या घराण्याची वंशावळ काढली आणि असा निष्कर्ष लावला की मंदबुद्धी, दारू, गुन्हेगारी हे सगळं रक्तातून उतरतं, म्हणून अशा लोकांना मुलं होऊ देऊ नयेत. पुस्तक तुफान खपलं. त्या विचाराला अमेरिकेत कायद्याचं बळ मिळालं, हजारोंची सक्तीने नसबंदी झाली. त्या मुलीचं खरं नाव एमा वुल्व्हर्टन. आठ वर्षांची असताना ती संस्थेत आली आणि 1978 साली वारली ती संस्थेतच. ती शिवणकाम उत्तम करायची, सुतारकाम करायची, कॉर्नेट वाजवायची, बालवर्गात मदत करायची. पुढे वंशावळीच्या अभ्यासकांनी जुनी दप्तरं तपासली तेव्हा गॉडार्डच्या वंशावळीचा पायाच चुकीचा निघाला. गॉडार्डने आयुष्याच्या उत्तरार्धात ओहायोत नोकरी केली, त्यामुळे त्याचे कागद ॲक्रनला आले. चूक कुठे झाली हे शोधता येतं ते कागद राहिले म्हणूनच. कोणी लाजून जाळून टाकले असते तर डेबोराच खरी राहिली असती आणि एमा कोणालाच कळली नसती.

आता यात आपला संबंध कुठे, असं म्हणाल. तर गॉडार्ड एलिस आयलंडवर गेला होता. न्यूयॉर्कच्या बंदरात जहाजं लागायची, तिसऱ्या वर्गातून आलेली माणसं उतरायची. दोन-दोन आठवडे समुद्रावर, झोप नाही, बरोबर पोरंबाळं, पुढ्यात गणवेशातला माणूस. गॉडार्डच्या सहाय्यक बायका नुसत्या चेहऱ्याकडे बघून माणसं बाजूला काढायच्या आणि दुभाष्यामार्फत बिनेची चाचणी घ्यायच्या. 1917 मध्ये त्याने आकडे छापले. चाचणी घेतलेल्या ज्यूंपैकी 83 टक्के, हंगेरियनांपैकी 80, इटालियनांपैकी 79 आणि रशियनांपैकी 87 टक्के मंदबुद्धी! प्रत्येक गटात पन्नास किंवा त्याहूनही कमी माणसं. एका दुभाष्याने तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं की हे बरोबर नाही, मी या देशात नवा आलो तेव्हा मलाही ही उत्तरं आली नसती. त्याचं म्हणणं गॉडार्डने नोंदवून ठेवलं आणि बाजूला सारलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या निनावी दुभाष्याला मनातल्या मनात नमस्कार केला. त्या खोलीत शहाणं कोण होतं, तर तो.

त्याच बेटावर हॉवर्ड नॉक्स नावाचा एक डॉक्टर होता. त्याला कळलं की भाषा आली की घोटाळा आला. म्हणून त्याने लाकडी ठोकळे घेतले. चार ठोकळे ओळीत ठेवायचे, पाचव्याने त्यांवर एका क्रमाने टकटक करायचं, समोरच्याने तसंच करून दाखवायचं. एकही शब्द नाही. हेही काही निर्दोष नव्हतं, पण निदान समोरच्याला आपली भाषा येत नाही म्हणजे त्याला अक्कल नाही, एवढी तरी गफलत होत नव्हती.

तुम्ही हसाल, पण मला हे सगळं वाचताना एक लाटणं आठवत होतं.

आमचा मोठा मुलगा बालवर्गात जायच्या वेळेस शाळेचा एक फॉर्म आला: घरी कुठली भाषा बोलता? आम्ही अभिमानाने ‘मराठी’ लिहिलं. मग शाळेने त्याची चाचणी घेतली. चित्रं दाखवायची, नाव सांगायचं. घरी आल्यावर तो म्हणाला, “आई, त्यांना लाटणं माहीतच नाही.” चित्रात पोळपाट-लाटण्यासारखं काहीतरी होतं, याने मोठ्याने ‘लाटणं’ सांगितलं, बाईंनी पुन्हा विचारलं, याने पुन्हा तेच सांगितलं. झारा होता, तोही त्याने ‘झारा’च सांगितला. कागदावर दोन्ही ठिकाणी शून्य. काही आठवड्यांनी आम्हाला बोलावून फार गोड आवाजात सांगितलं की मुलाचा शब्दसंग्रह वयाच्या मानाने कमी आहे, घरी इंग्रजी बोलायला लागा. आम्ही दोघं इतके घाबरलो की खरोखरच सहा महिने घरी इंग्रजी बोललो. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. त्या सहा महिन्यांत त्या नातवाशी जवळजवळ बोलल्याच नाहीत, कारण काय बोलावं ते त्यांना कळेना.

शाळेचा राग मी कधीच सोडून दिला. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदावर मराठीची चौकट नव्हती. पण ज्या रांगेत आमचा मुलगा उभा होता ती रांग एलिस आयलंडपासून सुरू झाली आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी सहा महिने फुकट घालवले नसते.

आणि गंमत बघा, हीच बिने यांची चाचणी आपल्याकडेही पोचली होती. पण आपल्याकडे ती नेणारा माणूस निराळा. व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी ती नव्याने घडवली. नुसतं भाषांतर केलं नाही. इथल्या मुलांवर तपासून, इथल्या मुलांच्या वयानुसार प्रश्न लावून घेतले. 1940 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. बिने-कामत चाचणी आजही भारतात वापरात आहे, अपंगत्वाचा दाखला काढायला गेलेल्या कित्येक पालकांना ते नाव माहीत असतं. आणि तुमच्यापैकी जे पुण्याचे आहेत त्यांना ज्ञान प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा आठवत असेल. 1962 साली ती संस्था सुरू करणारे अप्पा पेंडसे स्वतः मानसशास्त्राचे. तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून चाळिशीतही हळहळणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. आकड्याची ही भूल दोन्हीकडची, समुद्र ओलांडल्याने ती जात नाही.

हे सगळं मूळ कागदातूनच वाचायचं असेल तर विमानाचं तिकीट लागत नाही. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले ख्रिस्तोफर ग्रीन यांनी 1990च्या दशकात, म्हणजे आपण मोडेमचा तो किरकिरणारा आवाज ऐकत बसायचो त्या काळात, मानसशास्त्रातले जुने लेख आणि पुस्तकं टंकून इंटरनेटवर फुकट ठेवायला सुरुवात केली. गॉडार्डचं ते कॅलिकॅकचं पुस्तकही त्यात आहे. त्याच विद्यापीठातल्या अलेक्झांड्रा रदरफर्ड यांनी मानसशास्त्रातल्या स्त्रियांचा वेगळा डिजिटल संग्रह उभा केला. काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून ‘यातली चांगली कुठली’ विचारणाऱ्या मेमी फिप्स क्लार्क तुम्हाला तिथे भेटतील. त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं ते काम 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद रद्द करताना विचारात घेतलं होतं. हायस्कूलमध्ये ‘ए.पी. सायकॉलॉजी’ घेतलेली मुलं घरात असतील तर त्यांना आधी मूळ लेख वाचायला द्या, पाठ्यपुस्तकातली चौकट नंतर.

आता दुसरी गोष्ट. आपण रेडिओवर बोलतोय म्हणून ही मी मुद्दाम राखून ठेवली होती.

डेव्हिड बोडर नावाचा एक मानसशास्त्राचा प्राध्यापक शिकागोत होता. जन्म लाटव्हियातला, 1886चा, ज्यू. शिकला जर्मनीत आणि रशियात, मग मेक्सिकोत राहिला, मग अमेरिकेत आला. म्हणजे आपल्यासारखाच, फक्त आपल्याहून जास्त वेळा घर मोडून नवं मांडलेला. 1930च्या दशकात त्याने शिकागोत मानसशास्त्राचं एक संग्रहालयसुद्धा काढलं होतं. लोकांना यंत्रं हाताळू द्यायची, प्रयोग करून बघू द्यायचे. ॲक्रनच्या किती आधी!

1945 साली युद्ध संपलं आणि छळछावण्यांची चित्रं जगापुढे आली. जनरल आयझेनहॉवरने पत्रकारांना तिथे बोलावलं होतं, फिल्म काढून घेतल्या होत्या. बोडरला वाटलं, डोळ्यांनी दिसलं ते नोंदलं गेलं, पण माणसांचा आवाज? त्यांनी त्यांच्या भाषेत, त्यांच्या सुरात सांगितलेलं कोण नोंदवणार? आणि हे लगेच व्हायला हवं, कारण लोकांच्या आठवणी एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही.

ज्या संस्थेत तो शिकवत होता तिथेच मार्विन कॅमरस नावाच्या एका तरुण अभियंत्याने तारेवर आवाज मुद्रित करणारं यंत्र सुधारलेलं होतं. टेप नाही, कॅसेट नाही. केसाइतकी बारीक पोलादी तार, रिळाला गुंडाळलेली. तार डोक्यापुढून सरकते तसतशी चुंबकाने तिच्यावर आवाजाची खूण उमटते. तार तुटली तर साधी गाठ मारायची. मला हे फार आवडलं. आपण आजकाल फाइल खराब झाली की कपाळाला हात लावतो, आणि हे लोक गाठ मारून पुढे जायचे.

1946च्या उन्हाळ्यात, साठीला टेकलेला हा माणूस ते अवजड यंत्र आणि रिळांचा ढीग घेऊन युरोपात गेला. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनी. निर्वासितांच्या छावण्या, अनाथालयं, जिथे जागा मिळेल तिथे. परतला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे 130 माणसांचे आवाज होते, नऊ भाषांत, दोनशे रिळांवर, नव्वद तासांचे. त्याची पद्धत अशी: तो बोलणाऱ्याच्या मागे बसायचा, म्हणजे आपल्या चेहऱ्यावरचे भाव त्याला दिसू नयेत. नाव विचारायचा, युद्ध सुरू झालं तेव्हा तुम्ही कुठे होता हे विचारायचा, आणि बोलू द्यायचा. बोलणाऱ्यांना बहुतेक हे पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. आजच्या मुलाखतकारांच्या मानाने तो चुकतोही. काही ठिकाणी ऐकलेलं त्याला खरं वाटत नाही, तो मध्येच थांबवून पुन्हा विचारतो, आणि ऐकताना आपण अस्वस्थ होतो. गॅस चेंबर हा शब्द ज्याच्या कानाला अजून सरावलेला नाही असा तो काळ आहे. तो अविश्वास रेकॉर्डिंगवर तसाच राहिला आहे आणि मला तोही साक्षीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

लोक आधी बुजायचे. मग तो त्यांना गाणी म्हणायला सांगायचा, ती तारेवर घ्यायचा आणि लगेच परत ऐकवायचा. आपलाच आवाज यंत्रातून येतोय म्हटल्यावर माणसं थक्क व्हायची. सगळं हरवून बसलेल्या माणसाला पहिली परत मिळालेली गोष्ट म्हणजे त्याचा आवाज.

1949 साली बोडरने आठ मुलाखतींचं पुस्तक काढलं, ‘आय डिड नॉट इंटरव्ह्यू द डेड’. मी मेलेल्यांची मुलाखत घेतलेली नाही. नावातच सगळं आलं. फारसं कोणी विचारलं नाही. 1950च्या दशकात त्याने बऱ्याच मुलाखती स्वतः इंग्रजीत उतरवून सोळा खंड तयार केले, तीन हजारांहून जास्त पानं, आणि निवडक ग्रंथालयांना पाठवले. जखमा मोजता येतील का म्हणून एक मोजमापही त्याने तयार केलं होतं, पण ते कोणी उचललं नाही. 1961 साली तो वारला. त्याच वर्षी मिलग्रॅमने ती खटक्यांची पेटी वापरायला सुरुवात केली. आज दोन्ही वस्तू ॲक्रनला एका छपराखाली आहेत. माणसं दुसऱ्याला त्रास देताना आज्ञा का पाळतात हे त्या पेटीने विचारलं. त्याची किंमत कोणी मोजली, ते तारेवर पंधरा वर्षं आधीच बोललं गेलं होतं, पण कोणी ऐकत नव्हतं.

आता माझ्या धंद्याचा भाग. बोडरच्या वस्तू त्याच्या मृत्यूनंतर वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या. काही कॅलिफोर्नियात, काही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, काही ॲक्रनला. त्याच्या नोंदींत पॅरिसजवळच्या एनोंव्हील नावाच्या गावातल्या निर्वासितांकडून घेतलेल्या गाण्यांचा उल्लेख होता. ते रीळ कुठेच मिळत नव्हतं. ॲक्रनला जुनी रिळं डिजिटल करायचं काम काढलं तेव्हा ते सापडलं. तिथेच होतं, पन्नास वर्षं. डबीवर नाव चुकीचं लिहिलेलं होतं, बस. माझ्या टीममधल्या पोरांना मी ही गोष्ट सांगते. डेटा हरवत नाही रे बाबांनो, त्याचं लेबल हरवतं.

आणि सापडून उपयोग काय? ती तार वाजवणारं यंत्रच नव्हतं. बराच शोध घेतल्यावर ईबेवर एक जुनं यंत्र मिळालं, तेही धड चालेना. तिथल्या तंत्रज्ञांनी ते उघडून, बदलून, त्या तारेला जमेल असं केलं. 2017 मध्ये ती गाणी बाहेर आली. सत्तर वर्षांनी. यिडिश आणि जर्मन भाषेतली. त्यात एक गाणं मॉर्डेखाय गेबिर्टिग या क्राकोच्या सुताराचं आहे, जळणाऱ्या गावाबद्दल त्याने 1938 साली लिहिलेलं. तो स्वतः 1942 मध्ये क्राकोच्या घेट्टोत मारला गेला. गाणाऱ्या बाईचा आवाज काही कसलेला नाही. साधा, घरातला. स्वयंपाक करता करता कोणी गुणगुणावं तसा.

बोडरच्या मुलाखती इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रंथालयाने ‘व्हॉइसेस ऑफ द होलोकॉस्ट’ या नावाने इंटरनेटवर ठेवल्या आहेत. आवाज ऐकता येतो, शेजारी इंग्रजी भाषांतर वाचता येतं. एका बैठकीत एकाहून जास्त ऐकू नका, एवढंच सांगते.

तो घरातला आवाज ऐकला आणि मला आपल्याकडची एक गोष्ट आठवली. ग्वी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी 1980च्या दशकापासून महाराष्ट्रात गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. त्यांतल्या पुष्कळ बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रितही केल्या. आता ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता येतात. कोणी त्याला मानसशास्त्राचा संग्रह म्हणत नाही. मी म्हणते. पहाटे चार वाजता, घर झोपलेलं असताना, जी बाई सासूबद्दल, माहेराबद्दल, मेलेल्या लेकराबद्दल, नवऱ्याच्या हाताबद्दल जात्याला सांगते, तिला दिवसा कोणी विचारलेलं नसतं. समोर बसून नाही, मागे बसून ऐकलेलं आहे ते.

तर, माझ्या आजीची एक कॅसेट होती. सांगलीजवळच्या आमच्या गावची. 1986 साली आत्या न्यू जर्सीत होती, फोन महाग, पत्रं पंधरा दिवसांनी पोचायची. म्हणून आजीने काकांच्या टेपरेकॉर्डरवर साठ मिनिटांची कॅसेट भरून पाठवली. त्यात ओव्या होत्या, आत्याला रागावणं होतं, मेथीचे लाडू कसे करायचे ते होतं, आणि मागे म्हशीचं हंबरणं. आत्याने ती मला दिली तेव्हा मी ती एका दुकानातून डिजिटल करून घेतली, फाइल लॅपटॉपवर ठेवली आणि मोकळी झाले. पुढे तो लॅपटॉप बंद पडला. दुसरी प्रत नव्हती. मी लोकांना पैसे घेऊन सांगते की प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या जागी, एक घराबाहेर. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

ॲक्रनहून परत आले त्या शनिवारी गॅरेजमधली सगळी खोकी उपसली. कॅसेट सापडली. दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्यात, आणि वर लेबल होतं ‘भावगीते, भाग 2’. पण पट्टी आतल्या रिळाला चिकटलेली होती. फेब्रुवारीच्या थंडीत गॅरेज आणि ऑगस्टच्या उकाड्यात गॅरेज, काय व्हायचं ते झालं होतं. एका जाणकाराने कवच उघडून, पट्टी हाताने सोडवून दुसऱ्या कवचात घातली. पहिली बाजू जवळजवळ सगळी मिळाली. दुसऱ्या बाजूची पहिली बारा मिनिटं, मग खरखर.

तुमच्या घरात अशा कॅसेटी असतील तर आज रात्री एवढं करा. गॅरेजमधून आणि माळ्यावरून त्या घरात आणा, बेडरूमच्या कपाटात ठेवा, टीव्ही आणि स्पीकरपासून लांब. वाजवून बघण्याचा मोह आवरा. जुनी पट्टी पहिल्या झटक्यालाच तुटते. आधी रिळं बोटाने हळूच फिरतात का ते बघा. कव्हरवर पेन्सिलीने लिहा: कोणाचा आवाज, कुठलं गाव, कुठलं साल, अंदाजे का होईना. आवाज ओळखणारं माणूस घरात असेल तर त्याला आत्ताच विचारा, फोनवर टिपून घ्या.

परवा आजीची पहिली बाजू घरात लावली. मुलगा आता हायस्कूलला आहे, सहा फूट उंच. सासूबाई पुण्याहून व्हिडिओवर होत्या. लाडवाचा भाग आला, आजी म्हणाली की पीठ भाजताना झारा सोडायचा नाही, तसा हा खोलीतून ओरडला, “आई, झारा! मी म्हटलं होतं!” सासूबाई हसल्या, आणि मग बराच वेळ तो आणि त्या, दोघंच बोलत होते.